कीबोर्ड घेताना बोटांचं मत घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत संगणकावर दिवसभर काम करणाऱ्यांच्या मान-पाठदुखीवर लेख आला होता. खुर्ची कशी असावी, पडदा कुठल्या उंचीवर असावा, मधूनमधून उठून चार पावलं का चालावीत, सगळं नीट सांगितलं होतं. कीबोर्डच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली: चांगल्या दर्जाचा कीबोर्ड वापरावा. चांगल्या दर्जाचा म्हणजे कोणता? ज्यांचं पोट बोटांवर चालतं त्यांना नेमकं एवढंच कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायचा हक्क आपला आहेच.

मी सांगलीत कोर्टाजवळ जॉब टायपिंग करते. दावा, कैफियत, जामीन अर्ज, प्रतिज्ञापत्र, साठेखत, हक्कसोडपत्र. वकिलांनी सांगायचं, आम्ही बडवायचं. मराठी जास्त, हायकोर्टाचं काही असलं की इंग्रजी. हात बसला तो गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजने १९५५ साली पहिला देशी टाइपरायटर काढला आणि शेवटी शिरवळच्या कारखान्यात २००९ च्या सुमारास ते काम थांबवलं. त्या मशीनवर बोटाच्या जोरावर लोखंडी दांडा उचलला जायचा, फितीवर आपटायचा, तेव्हा अक्षर उमटायचं. त्यामुळे आमच्या पिढीचा हात जड. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींचा हात मोबाइलवर घडलेला, फुलासारखा. एकाच दुकानातला एकच कीबोर्ड या दोघींना सारखा सोयीचा होईल कसा?

मशीनचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. ओळ संपत आली की घंटी वाजायची, डाव्या हाताने गाडी ढकलायची, पान संपलं की कार्बन लावून नवा कागद चढवायचा. हात आपोआप उचलला जायचा, खांदा हलायचा. संगणकावर ओळ आपली आपण खाली जाते आणि माणूस दोन-दोन तास मनगट न हलवता बसतो. टायपिंग हलकं झालं आणि दुखणी वाढली, असं आमच्या धंद्यातले जुने लोक म्हणतात, त्यातला निम्मा अर्थ हा आहे.

आता मुद्द्याचं. बाजारात संगणकाबरोबर येणारा स्वस्त कीबोर्ड आतून रबराचा असतो. प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी. ती पूर्ण चेपली आणि तळाला टेकली की अक्षर उमटतं. म्हणजे प्रत्येक खटक्याला बोट तळावर आपटणारच, त्यातून सुटका नाही. नवा असताना हे जाणवत नाही. वर्ष-दीड वर्षात रबर सैल पडतं, ते सगळीकडे सारखं पडत नाही, आणि मग कुठलं बटण किती दाबायचं याचा अंदाज बोटांना राहत नाही. अंदाज गेला की माणूस सगळीच बटणं जोरात मारायला लागतो. दुखणं सुरू होतं ते इथून.

दुसरा प्रकार मेकॅनिकल. यात प्रत्येक बटणाला स्वतःचा स्प्रिंगचा स्विच असतो. नेहमीच्या स्विचचं बटण खाली जातं ४ मिलिमीटर, अक्षर उमटतं साधारण २ मिलिमीटरवर. म्हणजे तळ गाठायची गरजच नाही. जड हाताच्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, पण पडतं. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८० च्या दशकात हे स्विच आणले आणि त्यांची रंगांची भाषा आता सगळीकडे चालते. पेटंटची मुदत संपल्यावर चिनी कंपन्याही तसेच स्विच करू लागल्या, म्हणून किंमत आवाक्यात आली. लाल स्विच हलका, ४५ ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला उमटणारा, सरळ खाली जाणारा. काळाही सरळच, पण ६० ग्रॅमचा. तपकिरी आणि निळा या दोघांच्या मधले. तपकिरीला वाटेत बोटाला एक बारीक ठेच लागते, निळ्याला ठेच लागते आणि वर टक् असा आवाज येतो.

दुकानदार लाल गळ्यात मारतात. गेम खेळणारी मुलं तोच मागतात, म्हणून त्यांच्याकडे तोच जास्त असतो. इंग्रजीत काम करणाऱ्याला तो चालूनही जाईल. पण इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या सरकारी कीबोर्ड-मांडणीवर, मराठी टाइप करणाऱ्यांनी जरा थांबावं. कारण सांगते.

इनस्क्रिप्टमध्ये मधल्या ओळीवर डाव्या हाताची चार बोटं टेकलेली असतात ती ओकाराच्या मात्रेवर, एकाराच्या मात्रेवर, पाय मोडायच्या बटणावर आणि पहिल्या वेलांटीवर. उजव्या हाताखाली र, क, त, च. वकीलसाहेब मजकूर आठवत थांबले की आपली बोटं ओळीवर विसावतात. लाल स्विच एवढ्या भारानेही उमटू शकतो. इंग्रजीत जादा एस पडला तर लाल रेघ येते, दिसतो, काढता येतो. मराठीत जादा मात्रा आधीच्या अक्षरावर जाऊन बसते आणि शब्द जणू तसाच होता असा दिसतो. खरेदीखतात आडनावावर अशी एक मात्रा बसली तर पुढे चूकदुरुस्ती पत्र, पुन्हा रजिस्टर ऑफिस, पुन्हा दोन्हीकडच्या पार्ट्या गोळा करणं. म्हणून मी विचारणाऱ्यांना तपकिरी सांगते. जड हाताच्या, मशीनवर वाढलेल्या लोकांना निळा. ठेच लागली की उमटलं, एवढं बोटाला कळलं पाहिजे. टीव्हीएसचा गोल्ड कीबोर्ड बँकांत, कचेऱ्यांत अनेकांनी पाहिला असेल, ऐकला तर नक्कीच असेल. त्याचा तो खटखटाट मशीनवाल्यांना माहेरचा वाटतो. शेजारी दुसऱ्या कुणाला फोनवर बोलायचं असेल तर मात्र भांडण ठरलेलं.

दुसरी गोष्ट डाव्या हाताच्या मधल्या बोटाची. इंग्रजी कीबोर्डवरच्या ई, डी आणि सी या तीन बटणांचा मालक हे एकच बोट. इनस्क्रिप्टमध्ये ई म्हणजे काना, डी म्हणजे पाय मोडणं आणि सी म्हणजे म. मराठीत कान्याशिवाय पान हलत नाही, आणि कोर्टाच्या मराठीत जोडाक्षरांशिवाय वाक्य हलत नाही. ‘महाराष्ट्र’ हा शब्द लिहून पाहा. दहा खटके, त्यातले पाच या एका बोटाचे: म, दोन काने, दोनदा मोडलेला पाय. वर ‘ष’साठी डाव्या करंगळीने शिफ्ट. प्रत्येक अर्जाच्या माथ्यावर, प्रत्येक पत्त्यात हा शब्द येतो. मधलं बोट गाड्यावरच्या बैलासारखं जुंपलेलं. इंग्रजीत लिहिलेल्या कीबोर्डच्या शिफारशींत हे असणार कुठून? नवा कीबोर्ड हातात आला की मी आधी ही तीन बटणं दाबून बघते. ती सारख्या दाबाला उतरली, अडखळली नाहीत, तर पुढचं बोलणं.

मग शिफ्ट. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, शिवाय श, ष, ळ ही सगळी अक्षरं इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह उजव्या हाताने मारायची, म्हणजे शिफ्ट धरायला डावी करंगळी. काही कीबोर्डांवर, विशेषतः लॅपटॉपवर, डावी शिफ्ट आखूड करून शेजारी एक जादा बटण घुसवलेलं असतं. इंग्रजी लिहिणारा शिफ्ट वापरतो वाक्याच्या सुरुवातीला. आपण वापरतो शब्दाशब्दाला. ती आखूड असली की करंगळी दर वेळी ताणून लांब न्यावी लागते. संध्याकाळी हाताच्या बाहेरच्या कडेने कोपरापर्यंत कळ येते ती बरेचदा हीच. लांब, पूर्ण मापाची डावी शिफ्ट नसेल तर तो कीबोर्ड मराठीसाठी घेऊ नये, मग त्यात कितीही रंगीत दिवे असोत.

तसंच उजव्या टोकाचं. छोटे, पर्समध्ये मावणारे ब्लूटूथ कीबोर्ड दिसायला गोड असतात. जागा वाचवायला ते कुठली बटणं बारीक करतात? उजवीकडची, विरामचिन्हांची. इंग्रजीत तिथे अवतरणचिन्ह, कंस, स्लॅश. आपल्याकडे त्याच जागी ट, ड आणि य आहेत, आणि डॉक्टर-कॉलनीतला अर्धचंद्र त्याच्याही पलीकडे. अर्ध्या मापाच्या बटणावर ‘य’ मारत ‘न्यायालय’ लिहून बघावं. बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर १९ मिलिमीटरच्या आसपास असतं, ते शेवटच्या बटणापर्यंत तेवढंच राहिलं पाहिजे. पट्टी घेऊन मोजायला लाजू नये.

नवी मुलं इनस्क्रिप्ट शिकत नाहीत, रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवतात. त्यांचा भार वेगळा. ‘ए’ या बटणावरचं अक्षर सगळ्यात आधी पुसलं जातं, कारण अकार-आकार सगळे तिथेच, आणि ते बटण डाव्या करंगळीचं. त्यांना हलका स्विच चालेल, किंबहुना बराच. माझा त्यांच्याशी वाद नाही. फक्त क्लार्क-टायपिस्टची परीक्षा द्यायची असेल तर मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो, तो कुठल्या मांडणीवर कमवायचा हे आधी ठरवा आणि त्या मांडणीला शोभेल असं यंत्र घ्या.

आकड्यांचा जादा भाग हवा की नको, यावर माझं मत विचाराल तर काम बघून. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर बसणारी एक मुलगी माझ्याकडे कीबोर्ड साफ करून घ्यायला येते. बटणं उपसली की खालून पिवळी पूड निघते. तिला दिवसभर वजनं आणि दर. तिचं नंबर पॅडशिवाय चालणार नाही. मला गट नंबर आणि हेक्टर-आर लागतात, पण ते अधूनमधून. नंबर पॅड असला की माऊस चार बोटं लांब जातो आणि उजवा खांदा कायम बाहेर ओढलेला राहतो. त्यापेक्षा ८७ बटणांचा आखूड कीबोर्ड घ्यावा आणि सुटा नंबर पॅड मिळतो तो डावीकडे ठेवावा. सवय होते.

दोन तुकड्यांत विभागलेल्या, मधे उंचवटा असलेल्या कीबोर्डबद्दलही लोक विचारतात. मायक्रोसॉफ्टने १९९४ साली असा आणला तेव्हापासून तो प्रकार सर्वांना माहीत झाला. आमच्या एका वकिलांच्या मुलाने परदेशातून आणून दिला आहे, मी त्यावर काम केलंय. मनगटं बाहेरच्या बाजूला वळत नाहीत, कोपरं अंगापासून सुटी राहतात, रुंद खांद्याच्या माणसाला फार बरं वाटतं. इनस्क्रिप्टला तर तो सोयीचाच, कारण स्वरचिन्हं डाव्या हाताला आणि बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला अशी वाटणी मुळातच आहे. अडचण एकच: ‘व’ डाव्या तुकड्यावर राहतो, आणि तो उजव्या तर्जनीने मारायची सवय असलेले सुरुवातीला हवेत बोट मारत बसतात. बघून टाइप करणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

कीबोर्ड कितीही चांगला घेतला तरी तो ठेवायचा कुठे, हे कुणी बघत नाही. मागच्या दोन पायांवर तो उभा करायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. पाय आहेत म्हणून उघडायचे! त्याने अक्षरं नीट दिसतात एवढंच, मनगट मात्र मागे वाकतं. मनगटात एक अरुंद बोगदा आहे, त्यातून बोटांच्या नऊ शिरा, म्हणजे स्नायूबंध, आणि एक मज्जातंतू जातो. मनगट मागे वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. पाय मिटा, कीबोर्ड सपाट ठेवा, आणि त्याची उंची कोपराच्या पातळीवर येईल अशी बैठक करा. आमच्याकडे बहुतेकांचं टेबल लिहिण्याच्या मापाचं, म्हणजे टायपिंगला उंच. टेबल कापता येत नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट द्या. तळहाताखालची मऊ पट्टी थांबल्यावर हात टेकायला आहे, टाइप करताना मनगट तिच्यावर रुतवायला नाही.

रात्री झोपेतून हात झटकत उठावं लागत असेल, अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल आणि करंगळी शाबूत असेल, तर नवा कीबोर्ड बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा. करंगळीच बधिर होत असेल तर दुखणं वेगळं, कोपरापाशी असू शकतं. आणि हे फक्त टायपिंगनेच होतं असंही नाही, मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांना जास्त होतं. आमच्या ओळीतल्या एका बाईंनी महागडा कीबोर्ड घेऊन सहा महिने वाट पाहिली, शेवटी साखर निघाली.

आता खरेदीचं. मिरजेत सतार घ्यायला आलेला माणूस ती मांडीवर घेऊन छेडल्याशिवाय पैसे काढत नाही, आणि कारागीरही त्याला तसं करू देतो. कीबोर्ड मात्र आपण खोक्यावरचं चित्र बघून घेतो. दुकानात गेल्यावर तो संगणकाला जोडून मागा. मी जमिनीची चतुःसीमा टाइप करते: पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस अमुक गट, उत्तरेस बांध. तुम्ही तुमच्या रोजच्या कामातलं पान टाइप करा. आपलं नाव लिहून काही कळत नाही, नाव झोपेतही लिहिता येतं. पुण्या-कोल्हापुरात गेमिंगच्या दुकानांत मेकॅनिकल कीबोर्ड उघडे मांडलेले असतात. तिथली पोरं माझ्यासारख्या बाईकडे आधी चमत्कारिक नजरेने बघतात, पण वेग बघितला की खुर्ची देतात. किंमत साधारण दोन-तीन हजारांपासून. रबराचा चार-पाचशेत येतो हे खरं. पण मेकॅनिकलचं एक बटण गेलं तर तेवढाच स्विच बदलता येतो, काहींमध्ये तर डाग न देता, नुसता उपसून. टायपिंगच्या धंद्यात तो तीन रबरी कीबोर्डांना पुरून उरतो.

कचेऱ्यांतली खरेदी बघितली की जीव हळहळतो. संगणकाला चाळीस हजार मंजूर होतात आणि कीबोर्ड त्याच्याबरोबर फुकट आल्यासारखा येतो, माऊसच्या जोडीने, सगळ्यात कमी दराचा. एका कार्यालयात नवे संच आले, सगळ्यांची डावी शिफ्ट आखूड. तिथल्या टायपिस्ट बाई दोन महिन्यांत मनगटाला पट्टा बांधून बसायला लागल्या. साहेबांच्या खुर्चीचा मात्र नमुना मागवून, बसून बघून मग ऑर्डर गेली होती. मागणीपत्रात कीबोर्डची ओळ वेगळी लिहा, मराठी टायपिंगसाठी पूर्ण मापाची शिफ्ट आणि पूर्ण मापाची उजवी बटणं ही अट घाला, आणि ऑर्डरआधी एक नग त्या टेबलावर बसणाऱ्या व्यक्तीला आठवडाभर वापरायला द्या. यातल्या एकाही गोष्टीला जादा पैसा लागत नाही.

टायपिंगच्या कौशल्य चाचण्या घेणाऱ्यांकडेही एक मागणी आहे. मुलं वर्षभर एका कीबोर्डवर हात बसवतात आणि केंद्रावर समोर भलताच येतो. जाहिरातीतच मांडणी आणि कीबोर्डचा प्रकार छापावा, आणि घड्याळ सुरू करण्याआधी दहा मिनिटं हात फिरवायला द्यावीत. पुढची जाहिरात येण्याआधी आपण हे छापलंत तर आमच्याकडच्या मुली ते कात्रण जोडून अर्ज करायला तयार आहेत.

आपली,
एक जॉब टायपिस्ट, सांगली
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)